पेन्सिलचा छापा

आमच्या घरात पेन्सिलचा छापा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जुनी स्कूटर विकत घेतली आणि नावावर करून घ्यायची झाली, की आर.टी.ओ.च्या कागदांना चेसिस नंबरचा छापा जोडावा लागायचा. नंबर जिथे ठोकलेला असतो तिथलं ग्रीस आधी रॉकेलच्या बोळ्याने पुसायचं, त्यावर पातळ कागद घट्ट धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायची. लोखंडातले अंक कागदावर उमटतात. वर्ध्यात आर्वी नाक्याच्या बाजूला अब्बांचं छोटंसं गॅरेज होतं. शाळा सुटली की आम्ही दोघे भाऊ तिथेच. छापे काढायचं काम आमच्याकडे असायचं आणि एका छाप्याचे आठ आणे मिळायचे. आम्ही थोरले म्हणून कागद आम्ही धरायचो, धाकटा पेन्सिल चालवायचा.

पुढे आम्ही बी.एड. करून शिक्षक झालो. उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना मराठी शिकवतो. धाकटा इंजिनीअर झाला आणि नोकरीसाठी अमेरिकेत, मिशिगन राज्यात गेला. अम्मींच्या इंतकालनंतर अब्बांनी गॅरेज बंद केलं. आता ते आमच्याकडेच असतात. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, कान मात्र अजून असे तिखट की रस्त्यावरून जाणाऱ्या चेतकचा आवाज ऐकून प्लगला कचरा धरलाय की कार्बोरेटर बिघडलाय ते सांगतात.

गॅरेजच्या भिंतीवर दोनच गोष्टी टांगलेल्या होत्या. एक ७८६ची चौकट. दुसरं म्हणजे रद्दीत आलेल्या कुठल्याशा इंग्रजी मासिकातून कापलेलं एका मोटारीचं चित्र. लांबलचक नाक, मधे चिमटलेलं अंग, चाकांवर फुगलेले खांदे. शेवरोले कॉर्व्हेट. अमेरिकेतली ही स्पोर्ट्स कार १९५३ साली पहिल्यांदा निघाली. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या आणि सगळ्या पांढऱ्या. अंग पत्र्याचं नाही, फायबरग्लासचं. अब्बांनी आयुष्यात एकही कॉर्व्हेट डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण बजाजच्या स्कूटरवर काम करता करता मान वर केली की समोर ती दिसायची.

पाच वर्षांपूर्वी धाकट्याने ती विकत घेतली. चित्रातली नाही, पण तिच्यासारखीच, १९७१ची, लाल रंगाची. व्हिडिओ कॉलवर त्याने गाडीभोवती फोन फिरवला. अब्बा काही बोलले नाहीत. फोन हातात घेऊन बराच वेळ बसले आणि शेवटी म्हणाले, "साइलेन्सरचा आवाज ऐकव."

विकणाऱ्याने धाकट्याला सांगितलं होतं की ही साधी गाडी नाही, एल.टी.-१ आहे. आता हे एल.टी.-१ काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

त्या काळी अमेरिकेत गाडी घ्यायची म्हणजे आपल्याकडे शिंप्याकडे कपडे शिवायला टाकावेत तसं होतं. शोरूममध्ये बसून गिऱ्हाईक एकेक गोष्ट निवडायचं. इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, एसी हवा की नको, काचा बटणावर चालणाऱ्या की हाताने फिरवायच्या. कारखान्यात या प्रत्येक निवडीला तीन अक्षर-अंकांचं एक नाव असे. सी-६० म्हणजे एसी. ए-३१ म्हणजे बटणावरच्या काचा. जे-५० म्हणजे पॉवर ब्रेक. एन-४० म्हणजे पॉवर स्टिअरिंग. यांना ते 'रेग्युलर प्रॉडक्शन ऑप्शन' म्हणत. एल.टी.-१ हे असंच एका इंजिनाचं नाव. १९७१च्या साध्या इंजिनाची ताकद २७० अश्वशक्ती होती, एल.टी.-१ची ३३०. त्या वर्षी एकूण २१,८०१ कॉर्व्हेट बनल्या आणि त्यांतल्या फक्त १,९४९ गाड्यांत हे इंजिन बसलं. दोन्ही इंजिनांचा आकार तोच, ३५० घनइंच. बाहेरून पाहणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही, पण आज पन्नास वर्षांनी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गेल्या वर्षी आमच्या मुलीने बारावी केली. तिला फिजिओथेरपीला जायचं होतं. कॉलेज मिळालं ते खासगी. फीचा आकडा पाहून आम्ही नवरा-बायकोने कॅल्क्युलेटर दोनदा चालवून पाहिला. धाकट्याला कळलं तसा तो म्हणाला, "भाईजान, गाडी तशीही वर्षातून चार वेळा बाहेर निघते. मी ती विकतो. बच्चीची चार वर्षांची फी माझ्याकडून." आम्ही नको नको म्हटलं, पण खरं सांगायचं तर त्या रात्री कितीतरी दिवसांनी आम्हाला गाढ झोप लागली.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. त्याने एल.टी.-१ची किंमत कबूल केली. फक्त गाडीच्या सगळ्या नंबरांचे फोटो आणि कुठला नंबर काय सांगतो याचं टिपण मागितलं. धाकटा म्हणाला, "हे काम अब्बांसोबत करू." मग दर रविवारी इशाची नमाज झाली की आम्ही फोनभोवती बसायचो. वर्ध्यात रात्रीचे नऊ वाजलेले असत, तिकडे सकाळचे साडेअकरा. मुलगी फोटो मोठे करून दाखवायची, अब्बा भिंगातून पाहायचे, आम्ही वहीत लिहायचो. कूलरची घरघर इतकी असायची की तो बंद करून मे महिन्याच्या उकाड्यात बसावं लागे.

पहिला नंबर सोपा होता. पुढच्या काचेच्या डाव्या खांबावर एक पट्टी आहे, ती बाहेरूनही वाचता येते. तिच्यावर १-९-४-३-७-१-एस आणि पुढे सहा अंक. १ म्हणजे शेवरोले, ९४ म्हणजे कॉर्व्हेट, ३७ म्हणजे बंद टपाची गाडी, उघड्या टपाच्या गाडीला ६७ असतं. पुढचा १ म्हणजे १९७१ साल. एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना. शेवटचे सहा अंक १००००१पासून सुरू होतात आणि वर्षाच्या शेवटच्या गाडीला १२१८०१ वर थांबतात, म्हणजे आपली गाडी रांगेत कितवी होती तेही कळतं. या पट्टीवर एकच गोष्ट नसते, इंजिनाची. ती १९७२पासून घालायला लागले. त्या एका वर्षाच्या उणिवेमुळे १९७१ची गाडी काय आहे हे ओळखायला इतर ठिकाणी शोधावं लागतं.

दुसरी पट्टी डाव्या दाराच्या बिजागरीजवळ होती. तिथे रंगाचा आकडा होता, ९७६. धाकट्याने आपल्याजवळची यादी पाहिली आणि खुशीत सांगितलं, "९७६ म्हणजे मिले मिलिया रेड. गाडी लालच आहे. जुळलं." आम्हीही वहीत बरोबरची खूण केली. आमची मुलगी यादीचा फोटो पाहत होती. ती म्हणाली, "चाचू, ही यादी १९७४ची आहे. वर लिहिलंय."

धाकट्याने १९७१ची यादी काढली. त्या वर्षी ९७६ म्हणजे मुलझान ब्लू होता, निळा. तोच आकडा, साल बदललं की रंग बदलला. आम्ही वर्गात मुलांना उर्दूचे नुक्ते शिकवताना हेच सांगत असतो. जीम, हे आणि खे यांचा आकार एकच आहे. नुक्ता कुठे आहे, आहे की नाही, एवढ्यावर 'जुदा'चा 'खुदा' होतो. चिन्ह एकटं काही सांगत नाही, ते कुठे बसलंय ते आधी पाहावं लागतं. धाकटा उठून गाडीकडे गेला. दाराच्या बिजागरीच्या मागे, जिथे रंगवणाऱ्याचा हात पोहोचला नव्हता, तिथे नखाएवढा निळा रंग त्याला सापडला.

रंग बदलला यात काही गुन्हा नव्हता. लोक घराला रंग देतात तसं कुणीतरी गाडीला दिला. पण अब्बांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "एक गोष्ट बदललेली निघाली. आता प्रत्येक गोष्ट तपासावी लागेल."

त्याच पट्टीवर जी-१२ असंही लिहिलेलं होतं. ही बॉडी बनल्याची तारीख. इथे महिने जानेवारीपासून मोजत नाहीत, त्या मॉडेलचं काम ज्या महिन्यात सुरू झालं तिथपासून मोजतात. १९७१च्या मॉडेलचं काम ऑगस्ट १९७०मध्ये सुरू झालं, म्हणजे ए हा ऑगस्ट. बोटांवर मोजत गेलो तर जी म्हणजे फेब्रुवारी. तेव्हा आमच्या गाडीची बॉडी १२ फेब्रुवारी १९७१ची. अब्बांच्या शब्दांत, हा तिचा जन्मदाखला.

पुढच्या रविवारी इंजिनाची पाळी आली. या इंजिनावर पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या समोर एक सपाट जागा असते. कारखान्यात इंजिन जोडून झालं की तिथे नंबर ठोकत. आमच्या गाडीवर होतं व्ही-०१२८-सीजीझेड. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना. ०१२८ म्हणजे २८ जानेवारी. सीजीझेड हे १९७१च्या एल.टी.-१चं चिन्ह. शेजारी गाडीच्या नंबरातले शेवटचे अंकही जसेच्या तसे ठोकलेले. २८ जानेवारीला इंजिन तयार, १२ फेब्रुवारीला बॉडी. सगळं जुळत होतं. धाकट्याने सुस्कारा सोडला. आम्हीसुद्धा.

अब्बा म्हणाले, "छापा काढ."

"अब्बा, फोटो तर इतका साफ आहे."

"फोटोत चमक येते. छाप्यात लोखंड येतं. छापा काढ."

चाळीशीतला माणूस, अमेरिकेत स्वतःच्या हाताखाली माणसं असलेला, मुकाट्याने घरात गेला आणि मुलाच्या दप्तरातली पेन्सिल घेऊन आला. कागद धरायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं. इकडून आम्हाला उगीच वाटत राहिलं की तो आम्ही धरायला हवा होता. त्याने छाप्याचा फोटो पाठवला. अब्बांनी तो किती वेळ पाहिला! अंकांकडे ते पाहतच नव्हते. अंकांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "लकिरा कोणत्या दिशेने आहेत?"

आम्हाला काही दिसत नव्हतं. मुलीने फोटो मोठा केला. अंकांच्या खाली बारीक ओरखडे होते, गोल गोल, एकमेकांवर चढलेले.

अब्बांनी कॉर्व्हेट पाहिली नसली तरी लोखंड पाहिलं होतं. कारखान्यात मोठ्या मशीनवर तासलेल्या पृष्ठावर रेघा सरळ आणि समांतर असतात. या इंजिनांवर त्या पुढून मागे जातात. आमच्या छाप्यावर गोल ओरखडे होते, म्हणजे हातातल्या ग्राइंडरचं काम. कुणीतरी जुना नंबर घासून काढला होता आणि नवा ठोकला होता.

"असंही असेल की कुणी नुसतं साफ केलं," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता.

"असेल," अब्बा म्हणाले. "म्हणून मागची तारीख बघ. ओतकामाची."

इंजिनाचा ठोकळा लोखंड ओतून बनतो, आणि ओततानाच साच्यातून नंबर उठून येतो. तो ठोकलेला नसतो, लोखंडातूनच वर आलेला असतो. तो नवा उठवता येत नाही. या इंजिनांवर तो मागच्या बाजूला, जिथे गिअरबॉक्स जोडतात त्या कडेवर असतो. ठोकळ्याचा नंबर ३९७००१० निघाला. त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं, कारण साध्या इंजिनालाही हाच नंबर आणि एल.टी.-१लाही हाच. पण त्याच कडेच्या दुसऱ्या टोकाला तारीख होती. आरसा आत धरून, बॅटरी लावून, धाकटा जमिनीवर पाठ टेकून ती वाचत होता. "एल... चार... दोन."

इथे महिने जानेवारीपासून मोजतात. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. ४ डिसेंबर, आणि शेवटचा आकडा सालाचा, १९७२.

गाडी फेब्रुवारी १९७१ची आणि तिचं काळीज ओतलं गेलं डिसेंबर १९७२मध्ये. जे लोखंड अजून ओतलंच नव्हतं, त्यावर २८ जानेवारी १९७१ला नंबर कसा ठोकला जाईल?

कुणीच काही बोललं नाही. पुढच्या शनिवारी धाकट्याने शेजाऱ्याच्या मदतीने पेट्रोलची टाकी खाली उतरवली. १९६७पासून कारखान्यात कॉर्व्हेटच्या टाकीवर एक कागद चिकटवत, त्या गाडीत काय काय बसवायचं याची यादी. टाकी बसली की तो कागद वर दडून जातो. पुष्कळ गाड्यांत पन्नास वर्षं कुणी त्याला पाहिलेलं नसतं. आमचा कागद अर्धा कुजला होता, पण कोडच्या चौकटी वाचता येत होत्या. जे-५०, एन-४०, ए-३१ आणि सी-६०.

सी-६० म्हणजे एसी. आणि १९७१ साली एल.टी.-१ इंजिनासोबत एसी मिळतच नव्हता. हे दोन कोड एका कागदावर येऊ शकत नव्हते. गाडीतली एसीची यंत्रणा पूर्वीच कुणीतरी काढून टाकलेली होती. ती का काढली हे आता कळलं.

आमची गाडी जन्माने निळी, साध्या इंजिनाची, एसीची होती. कुण्या साहेबाने आरामात फिरायला घेतलेली. पुढे कधीतरी तिचं इंजिन गेलं, दुसरं बसलं, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की थोडं ग्राइंडर आणि थोडे पंच वापरले तर हिची किंमत वाढते. हे कुणी केलं, कधी केलं, देव जाणे. धाकट्याला विकणाऱ्यालाही ठाऊक असेल असं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना लाज वाटते, पण ते गाळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

नव्या गिऱ्हाइकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने मागितलेल्या फोटोंत समोरचा नंबर होता आणि तो 'बरोबर' होता. रेघांचं त्याने विचारलं नव्हतं, टाकी उतरवून दाखवा असं म्हटलं नव्हतं. आम्ही दोन दिवस धाकट्याला फोन केला नाही आणि त्यानेही केला नाही. आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचो. आपण कुठे फसवलंय? फसवणारा दुसराच. आपणही फसलोच की. तिकडच्या श्रीमंत माणसाच्या हौसेची गोष्ट, त्याला चार पैसे जास्त गेले तर काय बिघडणार? आणि इथे मुलीची चार वर्षं आहेत. मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओलं धान्य निघालं, ही गोष्ट आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल. मुलं विचारतात, "सर, वरचं धान्य तर सुकं होतं ना?" आम्ही मोठ्या तोऱ्यात उत्तर देतो. त्या दोन दिवसांत आम्ही स्वतःच वरचं सुकं धान्य दाखवून आतल्या ओल्याकडे डोळेझाक करत होतो.

तिसऱ्या दिवशी मगरिबनंतर अब्बांनी आम्हाला बाजूला बसवलं. त्यांनी कॉर्व्हेटचं नावही घेतलं नाही. गॅरेजमधली एक गोष्ट सांगितली, जी आम्ही कधी ऐकली नव्हती.

आम्ही लहान असताना त्यांनी एक स्कूटर विकली होती. स्वतः दुरुस्त केलेली. तिचं इंजिन दुसऱ्या गाडीचं होतं, ते त्यांना माहीत होतं. घेणारा पुलगावकडचा, कापसाच्या दोन वेचण्यांचे पैसे घेऊन आलेला. त्याने विचारलं नाही, अब्बांनी सांगितलं नाही. महिनाभराने तो परत आला. कागदांवरचा इंजिन नंबर आणि छाप्यातला नंबर जुळेना, स्कूटर नावावर होईना. तो भांडला नाही. गॅरेजच्या बाकावर दुपारभर बसून राहिला. चहा दिला तो प्यायला नाही.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," अब्बा म्हणाले. "मी वर्षभर थोडे थोडे करून पैसे फेडले. पैसे फिटले. तो बाक मात्र पुढे मला कधी आवडला नाही."

त्या बाकावर बसून आम्ही दोघांनी किती अभ्यास केला होता!

रात्री आम्हीच धाकट्याला फोन लावला. आम्ही काही बोलायच्या आत तो म्हणाला, "भाईजान, मी त्याला सगळं लिहून पाठवलं. काल रात्रीच. तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती. बच्चीच्या फीचं..." पुढे त्याला बोलता आलं नाही. आम्ही दोघे भाऊ वेगवेगळ्या खोल्यांत एकमेकांपासून लपून एकाच गोष्टीशी झगडत होतो, आणि तो आमच्या आधी बाहेर पडला होता. आम्हाला त्याचा अभिमान वाटला आणि थोडा हेवाही.

त्या गिऱ्हाइकाचं उत्तर आलं नाही. धाकट्याने जाहिरात नव्याने लिहिली. रंग मूळचा निळा, इंजिन नंतरचं, समोरचा नंबर खरा नाही, मूळ यादीत एसी आहे, टाकीवरच्या कागदाचा फोटो सोबत. तीन महिने कुणी फिरकलं नाही. मग एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना १९७१ची निळी, एसीची साधी गाडीच हवी होती, तरुणपणी त्यांच्याकडे तशी होती. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले आणि म्हणाले की आजवर पाहिलेल्या गाड्यांत खोट्याची यादी सोबत देणारी ही पहिलीच. गाडी गेली, पण आधी ठरलेल्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास. त्यातून धाकट्याचे स्वतःचे घातलेले पैसेही पुरते निघाले नाहीत. तरी त्याने मुलीची पहिल्या वर्षाची फी भरलीच. बाकीसाठी आम्ही शैक्षणिक कर्ज काढलं. दर महिन्याला त्याचं व्याज पगारातून जातं, आणि व्याज द्यावं लागतं याची बोच आहेच. ते लवकर फेडायचं म्हणून नव्या मोबाईलचा, दिवाणखान्याच्या फरशीचा विचार आम्ही बाजूला ठेवला. तंगी आहे. पण व्यवहाराबद्दल घरात हळू आवाजात बोलावं लागत नाही.

या सगळ्यातून आमच्या मुलीला एक छंद लागला. आता शेजारपाजारच्या गाड्या ती वाचते. वाचकांनीही आपल्या गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र काढून पाहावं. त्यावरचा चेसिस नंबर अलीकडच्या गाड्यांत १७ अक्षर-अंकांचा असतो. भारतात बनलेल्या गाडीचा पहिला इंग्रजी एम. एमए-३ असेल तर मारुती सुझुकी, एमएटी असेल तर टाटा, एमडी-२ असेल तर बजाज. बहुतेक गाड्यांत दहावं अक्षर सालाचं असतं. ए म्हणजे २०१०, जे म्हणजे २०१८, एल म्हणजे २०२०. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं या नंबरात कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. तुमच्या नंबरात ओ दिसला तर तो शून्य आहे, नाहीतर काहीतरी गडबड आहे. जुनी गाडी घेताना विकणारा जे साल सांगतो ते आणि दहावं अक्षर जुळवून पाहायला एक मिनिटही लागत नाही.

अमेरिकेत १९८१पासून या १७मधला नववा आकडा पडताळणीचा असतो. प्रत्येक अक्षराला एक किंमत देतात, ए-ची १, बी-ची २, सी-ची ३, डी-ची ४, आणि सगळ्यांचा ठरावीक हिशेब करून आलेलं उत्तर तिथे बसवतात. एक अक्षर जरी चुकीचं लिहिलं तरी हिशेब बहुधा बिघडतो. हे ऐकून अब्बा हसले. म्हणाले, "ही तर अबजद." अलिफचा १, बेचा २, जीमचे ३, दालचे ४. आपले बुजुर्ग याच हिशेबाने इमारतींच्या आणि माणसांच्या तारखा शब्दांत गुंफून ठेवत, आणि गॅरेजच्या भिंतीवरचा ७८६ही याच हिशेबातला. अक्षरांत आकडा ठेवायचा, म्हणजे पुढे कुणी फिरवाफिरव केली तर ती पकडली जावी. पण हिशेब करणारा माणूस नियतीचा सच्चा नसेल तर कुठलाच आकडा काही पकडत नाही.

गेल्या महिन्यात धाकट्याचं एक पाकीट पोस्टाने आलं. आत त्या इंजिनाचा पेन्सिलचा छापा होता, मूळ कागद, गोल ओरखड्यांसकट. अब्बांनी तो भिंगाखाली धरून पाहिला, घडी केली आणि आपल्या जुन्या चेतकच्या कागदांच्या पिशवीत ठेवला. मुलीने विचारलं, "दादाजान, गाडी तर गेली, हा कशाला ठेवायचा?"

"पेन्सिल छान चालवलीय," अब्बा म्हणाले. "फक्त कागद थोडा हललाय. धरायला कुणी नव्हतं ना."